दोनशे लिटरच्या ड्रमचा स्मोकर : अकरा महिन्यांच्या वापरानंतरचा अभिप्राय

गेल्या जानेवारीत पुण्यातील नऱ्हे येथील एका लहान फॅब्रिकेशन वर्कशॉपकडून मी दोनशे लिटरच्या लोखंडी ड्रमचा, मांस धुरावर शिजवण्याचा स्मोकर घडवून घेतला. खिडक्यांचे ग्रिल, जिन्यांचे कठडे आणि बंगल्यांची फाटके हे या वर्कशॉपचे रोजचे काम. स्मोकर त्यांनी यापूर्वी कधी केला नव्हता आणि मीही कोणाकडून करून घेतला नव्हता. आराखडा माझा, कारागिरी त्यांची, आणि चूक कोणाचीही असली तरी ती दुरुस्त होईपर्यंत काम संपले असे मानायचे नाही, एवढ्या बोलीवर आम्ही सुरुवात केली. त्यानंतरच्या अकरा महिन्यांत या स्मोकरवर बावीस वेळा शिजवून झाले, त्यात एक संपूर्ण पावसाळाही येऊन गेला. त्यामुळे या वस्तूविषयी आणि ती घडवणाऱ्यांविषयी आता जबाबदारीने लिहिता येईल असे वाटते.

आपल्याकडे ‘बार्बेक्यू’ म्हटले की उघडी शेगडी, तिच्यावर सळया आणि सळयांवर कबाब असेच चित्र डोळ्यांसमोर येते. त्यात निखाऱ्याची धग थेट मांसाला लागते आणि दहा-पंधरा मिनिटांत काम उरकते. स्मोकरचे काम निराळे आहे. बंद पिंपात १०७ ते १२१ अंश सेल्सिअस एवढीच ऊब तासन्‌तास टिकवायची, कोळशावर लाकडाचे चार तुकडे ठेवून त्यांचा पातळ धूर मांसावरून फिरता ठेवायचा आणि रान (मागची मांडी) किंवा सीना (छाती) यांसारख्या चिवट भागांतले कोलॅजेन हे तंतुमय प्रथिन हळूहळू विरघळून त्याचे जिलेटिन होईपर्यंत वाट पाहायची, अशी ही पद्धत आहे. तिथे मोठ्या आगीचा काहीच उपयोग नसतो. लहान आग लहानच ठेवता येणे हेच सगळे कौशल्य असते, आणि स्मोकर चांगला की वाईट हेही त्यावरूनच ठरते.

हे मला कोणत्याही पुस्तकाआधी आजोळी समजले होते. कसबा पेठेतल्या त्या घरी न्हाणीघरात तांबट आळीत घडवलेला तांब्याचा बंब होता. आजी सकाळी त्यात लाकडाच्या ढलप्या टाकी आणि मग दिवसभर पुन्हा फारसे सरपण घालत नसे. राखेकडचे तोंड किती उघडे ठेवायचे, वरच्या नळीवर झाकण किती सरकवायचे, एवढ्यावरच ती पाण्याची ऊब सांभाळत असे. खालून हवा आत येते, मधल्या नळीत आग राहते, वरून धूर बाहेर पडतो, आणि आत येणारी हवा रोखली की आग निमूटपणे मंदावते. ड्रमच्या स्मोकरचे शास्त्र याहून वेगळे नाही. वर्कशॉपमधल्या मिस्त्रींना पहिल्याच दिवशी मी कागदावरचा आराखडा बाजूला ठेवून बंबाचे उदाहरण दिले, आणि तेव्हा काम त्यांच्या ध्यानात आले.

आराखडा निवडताना मी दोन प्रकारांचा विचार केला होता. टेक्सासकडे रूढ असलेल्या प्रकारात आडवे पिंप असते आणि आगीची पेटी त्याच्या बाजूला जोडलेली असते. दिसायला तो फार देखणा असतो. पण त्याला जाड पत्रा लागतो, पातळ पत्र्यातून ऊब निघून जाते आणि दर पाऊण तासाने लाकूड घालत बसावे लागते. उभ्या ड्रममध्ये कोळशाची टोपली तळाशी, मांसाची जाळी वर, मध्ये हात-दीड हात मोकळी जागा, खाली हवेच्या तीन वाटा आणि झाकणात धुराची एक वाट, एवढाच संसार असतो. घरी अशी वस्तू करणाऱ्याला कमीपणा वाटण्याचे काही कारण नाही. शिकागोतील पत्र्याच्या कारखान्यात काम करणाऱ्या जॉर्ज स्टीफन यांनी १९५२ साली पाण्यावर तरंगत्या खुणेसाठी वापरतात तो धातूचा गोळा मधोमध कापून त्याची झाकणाची शेगडी केली, आणि तिच्यातूनच पुढे ‘वेबर’ची जगभर विकली जाणारी शेगडी निघाली. दुसऱ्याच कामासाठी घडवलेल्या पिंपात आगीसाठी योग्य आकार शोधण्याची ही परंपरा जुनी आहे.

ड्रम कोणता घ्यावा, याबाबत मात्र तडजोड करू नये. रसायने, कीटकनाशके, रंग किंवा सॉल्व्हंट भरलेला ड्रम कितीही धुतला तरी स्वयंपाकाला घेऊ नये. मी भवानी पेठेच्या बाजूला जुने ड्रम विकणाऱ्याकडून आंब्याच्या रसाचा ड्रम घेतला. कारखान्यात निर्जंतुक केलेला रस जाड पिशवीत भरतात आणि ती पिशवी ड्रममध्ये ठेवतात, त्यामुळे पदार्थाचा लोखंडाशी थेट संबंधच येत नाही. शिवाय हे ड्रम वरून पूर्ण उघडणारे असतात आणि त्यांना झाकण व आवळण्याचे कडे सोबत मिळते, जे बंद तोंडाच्या तेलाच्या ड्रमला मिळत नाही. विक्रेत्याने ड्रमवर अजून चिकटलेली रसाची चिठ्ठी दाखवली तेव्हाच मी अकराशे रुपये दिले. चिठ्ठी नसेल आणि वासावरून खात्री पटत नसेल, तर तो ड्रम तिथेच सोडून यावा.

वर्कशॉपला दिलेली मापे अशी होती. ड्रमचा आतला व्यास सुमारे ५७ सेंटिमीटर आणि उंची ८७. त्यात ४० सेंटिमीटर व्यासाची, २५ सेंटिमीटर उंचीची कोळशाची टोपली, तळापासून आठ सेंटिमीटर वर उभी राहील अशा पायांची, म्हणजे राख खाली पडेल आणि हवेची वाट बुजणार नाही. मांसाची जाळी टोपलीच्या तळापासून ६० सेंटिमीटर वर. तळाजवळ एक इंची तीन भोके, त्यांतील एकाला बॉल व्हॉल्व्ह आणि दोघांना फिरकीच्या टोप्या. झाकणात दोन इंची नळी. धुराची वाट हवेच्या सगळ्या वाटांच्या एकूण क्षेत्रफळाहून लहान असू नये, नाहीतर धूर आत कोंडतो आणि मांसाला डांबराची कडवट चव येते. हे सगळे त्यांनी मापाबरहुकूम केले. होल सॉने पाडलेली भोके स्वच्छ होती, कडा घासून गुळगुळीत केल्या होत्या, आणि स्टेनलेस स्टीलच्या वरच्या जाळीचे आर्गन वेल्डिंग इतके नीटस आहे की पाहुणे ती विकत आणलेली समजतात. जाळीला दोन्ही बाजूंनी उचलण्याच्या कड्या लावण्याची सूचना मिस्त्रींची होती. मला ती सुचली नव्हती, आणि आज त्या कड्यांशिवाय काम करण्याची कल्पनाही करवत नाही.

पहिला मतभेद झाला तो कोळशाच्या टोपलीवरून. मी साधी लोखंडी एक्सपांडेड जाळी (पत्रा चिरून ताणलेली) सांगितली होती, आणि पाहायला गेले तेव्हा टोपली चकचकीत जस्ताच्या मुलाम्याच्या जाळीची तयार होती.

“ताई, जीआय गंजत नाही. एमएसला दोन वर्षांत भोकं पडतील,” मिस्त्री म्हणाले. जीआय म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेले लोखंड आणि एमएस म्हणजे साधे लोखंड.

“मिस्त्री, ही जाळी रेलिंगला लावायची असती तर मी तुमचंच ऐकलं असतं. हिच्यात निखारे राहणार आहेत,” मी सांगितले.

जस्त ४१९.५ अंशांना वितळते आणि फुललेला निखारा त्याच्या कितीतरी पुढे, सातशे अंशांच्या आसपास सहज पोहोचतो. तापलेल्या जस्ताच्या पांढऱ्या धुराने थंडी वाजून ताप येतो, हे वेल्डिंग करणाऱ्यांना सांगावे लागत नाही. मिस्त्रींनाही तो अनुभव होताच. मात्र स्वयंपाकाच्या भांड्यात तेच घडू शकते, हा संबंध त्यांच्या मनात जुळला नव्हता. त्यांनी टोपली पुन्हा केली आणि तिचे वेगळे पैसे लावले नाहीत. जे कोणी अशा कामासाठी ग्रिल-फाटकांच्या कारागिराकडे जातील त्यांनी ‘आतल्या भागात कुठेही जीआय नको’ हे वाक्य आराखड्यावर सर्वांत वर, मोठ्या अक्षरांत लिहावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

ड्रमच्या आतला रंग आणि लाखेसारखा थर जाळून टाकणे हे पुढचे काम. मोकळ्या जागेत, वस्तीपासून दूर, सुक्या लाकडांची मोठी आग ड्रममध्ये अडीच तास पेटती ठेवावी लागली. थर पापुद्र्यासारखा सुटला, मग ग्राइंडरला तारेचा ब्रश लावून आतली बाजू उघड्या लोखंडापर्यंत घासली. या वेळी निघणारा धूर विषारी असतो, तेव्हा वारा जिकडून येतो त्या बाजूला उभे राहावे आणि लहान मुलांना जवळ येऊ देऊ नये. नंतर आतून शेंगदाणा तेलाचा पातळ हात देऊन ड्रम १५० अंशांवर तीन तास तापवला. नवा बिडाचा तवा आपण जसा तेल लावून तयार करतो तशीच ही क्रिया आहे. तेलाचा काळा, कडक थर बसतो आणि तोच लोखंडाचे गंजापासून रक्षण करतो. आतून कोणताही रंग द्यायचा नाही. बाहेरून उष्णता सोसणारा काळा रंग वर्कशॉपने दिला. त्याबद्दल पुढे लिहिते.

या कामातला खरा दोष झाकणात निघाला, आणि त्याविषयी सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण स्मोकर बिघडतो तो इथेच. ड्रमच्या मूळ झाकणाला रबराची चकती असते. ती आगीत टिकत नाही म्हणून काढून टाकली होती. पण तिच्या जागी काहीच बसवले नव्हते. त्यात जाळण्याच्या वेळी ड्रमची वरची कड किंचित लंबगोल झाली होती आणि ती सरळ करण्यासाठी कोणीतरी हातोडीने ठोकली होती. घरी आणून पहिली आग लावली तेव्हा खालच्या तिन्ही वाटा पूर्ण बंद केल्यावरही तापमापकाचा काटा चढतच राहिला आणि १६८ अंशांवर जाऊन थांबला. झाकणाच्या कडेने चहूबाजूंनी धूर निघत होता. जिथून धूर बाहेर पडू शकतो तिथून हवाही आत शिरू शकते, आणि अशा ड्रमवर माणसाचा ताबा राहत नाही. त्या दिवशी आत मांस ठेवले नव्हते, हे बरे झाले.

वर्कशॉपचे पहिले उत्तर होते की एवढी फट चालते. मी टेम्पोने ड्रम परत नेला, त्यांच्यासमोरच कोळसा पेटवला, टोप्या बंद केल्या आणि काटा चढताना त्यांना दाखवला. यानंतर मात्र त्यांनी जी मेहनत घेतली तिची नोंद केलीच पाहिजे. त्यांनी १२ मिलिमीटर रुंदीची पट्टी रोलिंग करून नेमकी गोल वाकवली, ती ड्रमच्या आतून कडेखाली टाके मारून बसवली, म्हणजे कडेला पुन्हा गोलाई मिळाली आणि झाकण टेकायला सपाट बैठकही तयार झाली. त्या बैठकीवर भट्टीच्या दारांना लावतात ती काचतंतूंची दोरी उष्णता सोसणाऱ्या सिलिकॉनने चिकटवली. ही दोरी बॉयलर आणि बेकरीच्या ओव्हनचे सुटे भाग विकणाऱ्या दुकानात मीटरवर मिळते. सिलिकॉन सुकायला पूर्ण एक दिवस दिला. परत येतानाच्या टेम्पोचे भाडे त्यांनी सोसले.

दुसऱ्या चाचणीत बॉल व्हॉल्व्ह चौथाई उघडा आणि दोन्ही टोप्या बंद ठेवून साडेपाच किलो कोळशावर सात तास ११० ते ११८ अंशांच्या मध्ये काटा राहिला, आणि मी एकदाही झाकण उघडले नाही. वाचणाऱ्याला हे वाक्य कोरडे वाटेल. ज्याने गळक्या ड्रमवर एक रविवार घालवला आहे त्याला त्याचे मोल कळेल. झाकण बंद करून तिन्ही वाटा आणि वरची नळी मिटली की अर्ध्या तासात आग विझू लागते आणि उरलेला कोळसा पुढच्या वेळी कामी येतो, हा हवाबंद कडेचा आणखी एक फायदा.

तापमापकाविषयी एक स्वतंत्र इशारा. झाकणात बसवलेला गोल काट्याचा तापमापक मांसाजवळची ऊब दाखवत नाही, म्हणून मी त्याची जागा ड्रमच्या बाजूला, जाळीच्या उंचीवर ठेवायला सांगितली होती. तो खरा किती दाखवतो हे पाहण्यासाठी उकळत्या पाण्यात धरला तर काटा १०४ वर गेला. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे, इथे पाणी साधारण ९८ अंशांनाच उकळते; म्हणजे चूक चार अंशांची नव्हे, सहा अंशांची होती. मागचा नट फिरवून ती दुरुस्त केली. मांसाच्या आत खुपसण्याचा वायरीचा डिजिटल तापमापक तपकीर गल्लीतून आणला आणि त्याची वायर आत नेण्यासाठी वर्कशॉपने एक लहान भोक आणि त्यावर सरकती चकती करून दिली.

सरपणाच्या बाबतीत पुण्यात राहणारा माणूस परदेशी पुस्तकांकडे पाहून उगाच खट्टू होतो, कारण त्यांतली हिकरी आणि ओकची लाकडे इथे मिळत नाहीत. त्यांची गरज नाही. मूळ आग लोणारी कोळशाची असावी. दगडी कोळसा चुकूनही वापरू नये. कोळशाचे तुकडे लहान-मोठे येतात, तेव्हा भुगा चाळून काढावा, नाहीतर टोपलीतली हवा कोंडते. न पेटलेल्या कोळशाच्या ढिगावर मधोमध दहा-बारा फुललेले निखारे ठेवायचे आणि आग वरून खाली हळूहळू सरकू द्यायची, ही मिनियन या नावाने ओळखली जाणारी पद्धत ड्रमला फार चपखल बसते. निखारे फुलवण्यासाठी रॉकेल वापरू नये. त्याचा वास मांसातून जात नाही. वर्कशॉपने उरलेल्या पाइपचे एक नळकांडे करून दिले आहे, खाली जाळी आणि बाजूला भोके. त्यात कोळसा भरून खाली दोन कागद पेटवले की पंधरा मिनिटांत निखारे तयार होतात.

धुरासाठीची लाकडे मात्र अंगणातच आहेत. पेरूच्या छाटलेल्या फांद्या मी आठ महिने सावलीत वाळवल्या आणि मुठीएवढे तुकडे केले. कोंबडीला त्यांच्याइतका गोडसर, मवाळ धूर दुसऱ्या कशाचा लागत नाही. आंबाही चांगला, थोडा सौम्य. बाभळीचा धूर जोरकस असतो, तो मटणाला पेलतो, पण दोन तुकड्यांपुढे जाऊ नये. वेडी बाभूळ म्हणून आपण जिला हिणवतो ती अमेरिकेतल्या मेस्किटची जवळची भावंड आहे, आणि मेस्किटसारखीच उग्र. तिचा कोळसा वापरावा, ओले लाकूड नको. पेट्यांचे चिडाचे लाकूड राळेमुळे काजळी धरते, प्लायवुडमध्ये डिंक असतो आणि कडुनिंबाने मांस कडू होते, म्हणून ही तिन्ही वर्ज्य. कण्हेर तर विषारीच आहे. बागेची छाटणी एकत्र पडलेली असेल तर काड्या निवडून घेतल्याशिवाय आगीजवळ नेऊ नयेत. लाकूड पाण्यात भिजवण्याची रीत पुष्कळजण सांगतात, पण पाणी आधी वाफ होऊन निघून जाते आणि तोवर धूरच येत नाही; मी ती सोडून दिली. नळीतून निघणारा धूर पांढरा, दाट असेल तर थांबावे. तो विरळ आणि निळसर झाला की मगच मांस आत ठेवावे.

पहिली कोंबडी सव्वा किलोची होती. लिटरला साठ ग्रॅम मीठ घातलेल्या पाण्यात चार तास ठेवून, कोरडी करून, तेल आणि मिरपूड लावून ती १४० अंशांवर ठेवली. सव्वादोन तासांत मांडीच्या आत ७४ अंश झाले. ११५ अंशांवर कोंबडीची कातडी रबरासारखी राहते, म्हणून कोंबडीसाठी ऊब वाढवावी लागते, आणि या ड्रममध्ये एक टोपी अर्धी सैल केली की तेवढी वाढते.

मटणाला मात्र संयम लागला. बोकडाच्या मांसात डुकराच्या किंवा बैलाच्या मांसासारखी आत विणलेली चरबी नसते, त्यामुळे परदेशी कृती जशीच्या तशी केली तर रान लाकडासारखे कोरडे होते. पहिल्या दोन वेळा तसेच झाले. तिसऱ्या वेळी खाटकाकडून दोन किलोचे रान वरची चरबी न काढता आणले, आदल्या रात्री मीठ, आले-लसूण आणि थोडा कांदा-लसूण मसाला चोळून ठेवले आणि सकाळी ११५ अंशांवर चढवले. तीन तासांनी आतले तापमान ६८ अंशांवर येऊन अडले आणि तासभर हलले नाही. नवख्या माणसाला इथे आग वाढवण्याचा मोह होतो. खरे तर मांसाच्या पृष्ठभागावरून निघणारी वाफ त्याला थंड ठेवत असते, जसा माठ पाणी थंड ठेवतो. जोवर ती वाफ निघते तोवर काटा अडूनच राहतो. मी रान केळीच्या पानात आणि वरून ॲल्युमिनियमच्या कागदात गुंडाळले, वाफ कोंडली, आणि पुढच्या अडीच तासांत ते ९३ अंशांवर पोहोचले. हाड हाताने फिरवून बाहेर निघाले.

बोकडाच्या चरबीविषयी एक गोष्ट ड्रमच्या रचनेशी निगडित आहे. या प्रकारात चरबी थेट निखाऱ्यावर ठिबकते, आणि कोंबडीच्या बाबतीत त्याने स्वाद वाढतो; पण बोकडाची चरबी जळली की तिचा उग्र दर्प सगळ्या मांसात शिरतो. म्हणून आता मटण असेल तेव्हा मी जाळीच्या खाली एका वीतभर अंतरावर जुनी लोखंडी परात साखळ्यांनी टांगते. ती टांगायचे आकडे वर्कशॉपने नंतर येऊन लावून दिले. असा स्मोकर करून घेणाऱ्याने दुसऱ्या जाळीचे किंवा परातीचे टेकू सुरुवातीलाच आराखड्यात धरावेत.

कापलेल्या रानाच्या कडेला आतून गुलाबी पट्टा दिसला तेव्हा सासूबाईंनी ताट बाजूला सारले. मांस कच्चे राहिले आहे असे त्यांना वाटले, आणि त्यांच्या जागी मी असते तर मलाही तसेच वाटले असते. निखाऱ्यातून निघणारे नायट्रिक ऑक्साइड आणि कार्बन मोनॉक्साइड हे वायू मांसाला रंग देणाऱ्या मायोग्लोबिन या प्रथिनाशी जोडले जातात आणि तो रंग शिजल्यानंतरही टिकून राहतो. मांस साधारण ६० अंशांपर्यंत तापण्याआधी हे घडते. तापमापकावरचे ९३ त्यांना दाखवले, मग त्यांनी दुसऱ्यांदा वाढून घेतले. मात्र या धुराने मांस टिकते असा समज कोणी करून घेऊ नये. हा शिजवण्याचा धूर आहे, खारवून-सुकवून साठवण्याचा नव्हे. उरलेले मांस दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेले पाहिजे.

पावसाळ्यात स्मोकरच्या मर्यादा दिसल्या. सपाट झाकणाच्या आत वाफ जमून काळसर थेंब मांसावर पडतात. झाकण आधी चांगले तापू दिले तर ते कमी होतात, पण बंद होत नाहीत. घुमटाकार झाकणात हे थेंब कडेकडेने ओघळून गेले असते. बाहेरचा काळा रंग तळापासून दहा बोटे उंचीपर्यंत ऑगस्टमध्ये सोलला, कारण तिथेच निखाऱ्यांची धग सर्वाधिक असते आणि रंगाआधी पत्रा पुरेसा घासलेला नव्हता. वर्कशॉपकडे तक्रार केली तेव्हा त्यांनी रंग दिला, पण घासण्याचे काम मला करावे लागले; इथे त्यांचे गुण मी कापते. आतल्या तेलाच्या थराला काहीही झालेले नाही. प्रत्येक वापरानंतर राख काढून टाकणे अत्यावश्यक आहे, कारण राख हवेतली ओल धरते आणि तळ आतून खाते. ती राख पत्र्याच्या झाकणाच्या बादलीत पूर्ण दोन दिवस ठेवून मगच टाकावी.

सदनिकेच्या बाल्कनीत, बंद गच्चीत किंवा पार्किंगमध्ये हा स्मोकर पेटवू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो माणसाला सावध होण्याची संधी देत नाही. आमच्याकडे कर्वेनगरच्या जुन्या घरामागे मोकळे परस आहे, भिंतीपासून तीन मीटर अंतरावर फरशीवर ड्रम उभा असतो आणि शेजारी वाळूची बादली असते. पेटवतानाचा पहिला अर्धा तास धूर जास्त असतो, म्हणून मी शेजारच्या काकूंना आदल्या दिवशी सांगते आणि त्यांचे कपडे दोरीवरून निघाले की मगच काडी लावते.

हिशेब असा झाला : ड्रम १,१०० रुपये, वर्कशॉपची मजुरी आणि पोलाद ७,२००, झडप, टोप्या, दोरी आणि रंग मिळून १,९००, दोन तापमापक १,३००, एकूण साडेअकरा हजार. सांगितलेले दहा दिवस प्रत्यक्षात पंचवीस झाले, त्यांतले अर्धे झाकणाच्या दुरुस्तीत गेले. वेल्डिंगसाठी मी या वर्कशॉपला पूर्ण गुण देते, मापांच्या काटेकोरपणालाही. सामग्रीच्या निवडीत आणि रंगकामात त्यांच्यावर लक्ष ठेवावे लागते. चूक दाखवल्यावर वाद न वाढवता ड्रम पुन्हा भट्टीजवळ उभा करून माझ्यासोबत तीन तास काट्याकडे पाहत बसणारा कारागीर मला शहरात दुसरीकडे भेटलेला नाही.

माझ्या भावाला पानशेतच्या घरासाठी असाच स्मोकर हवा आहे, आणि ते काम मी याच वर्कशॉपला दिले आहे. या वेळी झाकण घुमटाकार आहे, परातीचे आकडे आराखड्यात आहेत, बाहेरचा पत्रा माझ्यासमोर घासायचा असे ठरले आहे, आणि काचतंतूंची दोरी मी आधीच विकत आणून मिस्त्रींच्या हाती दिली आहे.